उंच गाडी आणि काळी माती : वाचकांचे प्रश्न

कापूस आणि सोयाबीनचे पैसे हाती येऊ लागले की गाडीविषयीची पत्रे वाढतात, हा या सदराचा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदा त्यांतील बहुतेक पत्रे मध्यम आकाराच्या क्रॉसओव्हर गाड्यांबद्दल आहेत. क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलिव्हेट, टायगुन, कुशाक अशा, चार मीटरहून थोड्या अधिक लांबीच्या, दिसायला जीपसारख्या पण बांधणीने मोटारकार असलेल्या या गाड्या आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसतात. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे अकरा वर्षांपासून बोलेरो आहे. घर गावात आहे, परंतु वावर आणि गोठा डांबरी रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, पांदण रस्त्याने आहे. मुलगा आणि सूनबाई म्हणतात की आता क्रेटासारखी गाडी घ्यावी. तिची जमिनीपासूनची उंची बोलेरोपेक्षाही जास्त असल्याचे शोरूममध्ये सांगण्यात आले. ती पावसाळ्यात वावरापर्यंत जाईल काय?
— एक कास्तकार, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : शोरूममध्ये आपल्याला खोटे सांगितलेले नाही. क्रेटाची जमिनीपासूनची उंची १९० मिलिमीटर आणि बोलेरोची सुमारे १८० मिलिमीटर दिली जाते. एलिव्हेटची तर २२० मिलिमीटर आहे. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि त्याचे कारण गाडीच्या उंचीत नसून तिच्या पोटाखाली आहे.

बोलेरोला स्वतंत्र लोखंडी चासी असते, मागच्या बाजूला पाट्यांच्या स्प्रिंगा असतात आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. मागे चार माणसे बसली किंवा खताची पोती टाकली की ते वजन नेमके ओढणाऱ्या चाकांवर पडते आणि चाके जमीन धरतात. क्रॉसओव्हरमध्ये चासी आणि बॉडी एकच असते व बहुतेक मॉडेलांत ताकद पुढच्या चाकांना जाते. येथे मागे ओझे टाकले की गाडी मागून दबते, पुढून हलकी होते आणि ओढणाऱ्या चाकांवरचाच भार कमी होतो. शिवाय जमिनीपासूनची जी उंची पत्रकावर छापलेली असते ती बहुधा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसे आणि सामान घेतल्यावर तेवढी उरत नाही.

टायरचाही हिशेब करून पाहावा. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरच्या कडेची उंची २१५ चे ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर भरते. क्रॉसओव्हरमधील २१५/६० आर १७ टायरची तीच कड १२९ मिलिमीटर असते आणि १८ इंची रिम असलेल्या महागड्या प्रकारातील २१५/५५ टायरची अवघी ११८ मिलिमीटर. दगड, खड्डा, बैलगाडीच्या चाकोरीची कड हे सगळे आधी या रबराला सोसावे लागते. ते कमी पडले की मार थेट रिमला बसतो. म्हणूनच ग्रामीण भागातील वाचकांना आम्ही नेहमी सांगतो की १८ इंची चाके देखणी असली तरी १६ किंवा १७ इंची चाकांचा प्रकार घ्यावा.

राहिली ती आपली काळी माती. तिच्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती मोठ्या प्रमाणात असते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की ती टायरच्या खाचांत अशी भरते की चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, आणि मग दोन चाकांना ताकद मिळते की चारांना, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या काही प्रकारांत चारही चाकांना ताकद देण्याची सोय आहे. ओल्या मुरमावर, निसरड्या चढावर किंवा ओलसर वाळूत तिचा खरोखर उपयोग होतो. परंतु रस्त्याचे टायर लावून भर जुलैत पांदणीत उतरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही. इतर काही गाड्यांत ‘मड’ किंवा ‘सँड’ अशी बटणे असतात, ती बहुधा पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकचा आणि ताकदीचा मेळ घालतात. त्यांना चारचाकी ओढ समजू नये.

आमचे मत असे आहे की बोलेरो विकू नये. तिची बदली किंमत शोरूममध्ये फार मिळणार नाही, परंतु जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तिचे काम दुसरी कोणतीही नवी गाडी तेवढ्या पैशात करणार नाही. क्रॉसओव्हर यवतमाळच्या दवाखान्यासाठी, नागपूरच्या लग्नकार्यासाठी आणि सूनबाईंच्या माहेरासाठी अवश्य घ्यावी. रस्त्यावर ती बोलेरोपेक्षा निश्चितच स्थिर, शांत आणि सुरक्षित आहे. दोन्ही गाड्या ठेवणे शक्य नसेल, तर पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यालगत ओळखीच्या घरी उभी करून पुढे दुचाकीने किंवा पायी जाण्याची तयारी ठेवावी.

तरीही एखाद्या दिवशी गाडी फसलीच, तर चाक जागच्या जागी फिरू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा. प्रत्येक जास्तीच्या फेऱ्याबरोबर चाक आणखी खोल जाते. चाक घसरताच इंजिनाची ताकद आपोआप कापणारी यंत्रणा बटणाने तात्पुरती बंद करावी, चाकांपुढे पऱ्हाट्या किंवा जुनी पोती अंथरावीत आणि हलक्या पायाने प्रयत्न करावा. नाही जमले तर ट्रॅक्टर बोलवावा, परंतु दोर बांधण्यापूर्वी गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतील ओढण्याचे हुक काढून बंपरमधील झाकणाखालच्या आट्यांत पूर्ण आवळून बसवावे. प्रस्तुत लेखकाने एकदा घाईत दोर पुढच्या चाकाच्या खालच्या आर्मला बांधू दिला होता. गाडी बाहेर आली, पण आर्म वाकला आणि पुढे दोन महिने गाडी डावीकडेच ओढत राहिली.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून सात किलोमीटरवर आहे आणि महिन्यातून एकदा नागपूरला जाणे होते. यजमानांचा आग्रह डिझेल गाडीचा आहे, कारण डिझेल स्वस्त पडते व गाडी दमदार असते. योग्य काय?
— एक शिक्षिका, कारंजा तालुका, जि. वाशीम

उत्तर : पंधरा वर्षांपूर्वी आपल्या यजमानांचे म्हणणे आम्हीही मान्य केले असते. परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी पकडणारी गाळणी आली. ही गाळणी भरत जाते आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला आतली काजळी जाळून ती स्वतःला साफ करते. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, साधारण ताशी साठ किलोमीटरच्या पुढे चालावी लागते. सात किलोमीटरच्या गावरस्त्यावर, बैलगाड्या आणि शेळ्यांमधून वाट काढत जाणाऱ्या गाडीला ही संधी मिळतच नाही. काजळी जाळण्याचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिला की जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढलेली दिसते, आणि दुर्लक्ष केल्यास गाळणी बदलण्याचा खर्च डिझेलमधील सगळी बचत गिळून टाकतो.

आपल्या वापराला साधे १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन पुरेसे आहे. तसे पाहता या वर्गात डिझेलचा पर्याय क्रेटा आणि सेल्टोस अशा मोजक्याच गाड्यांत उरला आहे. ग्रँड विटारा, एलिव्हेट, टायगुन आणि कुशाक यांत तो नाही. खर्च अधिक चालणार असेल तर ग्रँड विटारा किंवा हायरायडरची, ज्यात बॅटरीवरची मोटर आणि इंजिन कधी आळीपाळीने तर कधी मिळून गाडी ओढतात अशी हायब्रीड गाडी पाहावी. ग्रँड विटाराच्या त्या प्रकाराचा चाचणीतील आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. रस्त्यावर तो कमी येतो, पण साध्या पेट्रोलच्या बराच वर राहतो. मात्र बॅटरीमुळे मागची डिकी आखूड होते, ती शोरूममध्ये उघडून, घरची मोठी बॅग ठेवूनच पाहावी.

यजमान डिझेलवरच ठाम राहिले, तर महिन्यातील नागपूरची एक फेरी समृद्धी महामार्गाने करावी आणि गाळणीचा दिवा लागला असताना गाडी मध्येच बंद करू नये. याच संदर्भात एक सूचना शेतकरी वाचकांसाठी. ज्या डिझेल गाड्यांत धुरावरील प्रक्रियेसाठी डीईएफ नावाचे द्रव भरावे लागते, त्या द्रवात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो हे कळल्यावर एका वाचकाने घरातील युरियाचे पोते पाण्यात विरघळवून वापरता येईल का, असे विचारले होते. हे मुळीच करू नये. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो आणि इतर अशुद्धीही असतात. त्यांनी धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण निकामी होते.

प्रश्न : सोयाबीन काढणीच्या दिवसांत खळ्यावर गाडी न्यावी लागते. गाडीच्या खालून जळका वास आला म्हणून विचारतो.
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : वास आला आणि आपण विचारले, हे फार चांगले झाले. गाडीच्या पोटाखालील धुराची नळी व तिच्यावरील शुद्धीकरणाचे उपकरण कित्येक शे अंश तापते, आणि डिझेल गाडी वर सांगितल्याप्रमाणे काजळी जाळत असेल तर आणखीच. वाळलेल्या कुटारावर किंवा तणसाच्या थरावर अशी गाडी उभी केली तर आग लागू शकते. काही ठिकाणी मळणीसाठी सोयाबीन थेट रस्त्यावर पसरतात. त्यावरून गेल्यास काड्या चाकाच्या दांड्याला गुंडाळल्या जातात, घर्षणाने तापतात आणि पेटतात. खळ्यापासून दूर, मोकळ्या मातीवर गाडी लावावी, पसरलेल्या पिकावरून जावेच लागले तर पुढे थांबून खाली वाकून पाहावे आणि गुंडाळलेल्या काड्या इंजिन थंड झाल्यावर काढाव्यात. आग विझवण्याचा लहान सिलिंडर गाडीत असावा. त्याची किंमत गाडीच्या सीटकव्हरपेक्षा कमी असते, तरी सीटकव्हर सर्वांकडे असते.

प्रश्न : आमच्या गावाच्या रपट्यावरून पावसाळ्यात पाणी वाहते. गाडी उंच असल्यामुळे किती पाण्यातून जाण्यास हरकत नाही? मागील वर्षी आमच्या नातेवाइकांची गाडी पाण्यात बंद पडली आणि विम्याच्या कंपनीने इंजिनाचा खर्च नाकारला.
— एक संत्रा उत्पादक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : साचलेल्या आणि वाहत्या पाण्यात फरक करावा. वाहते पाणी ३० सेंटीमीटर, म्हणजे साधारण फूटभर असले तरी मोटारीला बाजूला ढकलू लागते, आणि ६० सेंटीमीटर पाण्यात बहुतेक गाड्या तरंगून वाहू शकतात. गाडी जितकी पाण्याला आडवी आणि रुंद, तितका धक्का मोठा. शिवाय पाण्याखाली रपट्याची कड खचलेली असेल तर ती कोणालाही दिसत नाही. त्यामुळे रपट्यावरून पाणी वाहत असताना आमचे उत्तर सेंटीमीटरमध्ये नाही. थांबावे, चहा प्यावा, पाणी ओसरू द्यावे. विदर्भातील नाले जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर पुष्कळदा उतरतातही.

नातेवाइकांच्या बाबतीत बहुधा असे झाले असावे की पाण्यात गाडी बंद पडल्यावर ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न झाला. हवेच्या नळीतून इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान ‘मागाहून, चालकाच्या कृतीने झालेले’ म्हणून सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि नदी-नाल्याकाठच्या गावांतील वाचकांनी ती घ्यावीच. ती घेतलेली असली तरीही पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून पाहू नये. ती ढकलत बाहेर आणावी आणि सपाट पाठीच्या गाडीवर चढवून कार्यशाळेत पाठवावी.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यात टायरमधील हवा कमी ठेवावी असे पंपावर सांगतात. नायट्रोजन भरावा का? समृद्धीवर जाताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : हवा कमी ठेवण्याचा सल्ला चुकीचा आणि धोकादायक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, त्याच्या कडा अधिक वाकतात आणि त्या वाकण्यानेच तो आतून तापतो. वेग वाढला की हे तापणेही वाढते आणि टायर फुटतो. चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर हवेचा दाब छापलेला असतो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरमध्ये तेवढा दाब ठेवावा. प्रवासात टायर तापल्यावर दाब वाढतो, दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय. ही वाढ कारखान्याने गृहीत धरलेली असते, म्हणून वाटेत थांबून हवा सोडू नये. नायट्रोजनविषयी इतकेच, की आपण फुकट भरतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे हवेचा दाब मोजणारे स्वतःचे यंत्र घेण्यात घालावेत.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तेव्हापासून टायरविषयीची जेवढी पत्रे आम्हांला आली तेवढी त्यापूर्वीच्या दहा वर्षांत आली नसतील. गावातील खड्ड्यांनी टायरच्या कडेवर फुगवटा आलेला असतो, तुरीच्या खुंटाने किंवा बाभळीच्या काट्याने हवा हळूहळू जात असते, आणि ताशी चाळीसच्या वेगात हे काहीच जाणवत नाही. तोच टायर घेऊन आपण रखरखत्या दुपारी काँक्रीटवर तासन्‌तास शंभराच्या पुढे जातो. निघण्यापूर्वी चारही टायरच्या आतल्या कडा हाताने चाचपून पाहाव्यात. टायरच्या कडेवर चार आकड्यांची खूण असते. ‘२३२४’ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर असा प्रवास त्या टायरवर करू नये. स्टेपनीही तपासावी. अनेक गाड्यांत ती मूळ चाकापेक्षा लहान असते आणि तिच्यावरील वेगमर्यादा तिच्यावरच लिहिलेली असते.

उन्हाचा प्रश्न आहेच म्हणून सांगतो, काचेचे मोठे छत असलेला प्रकार आपल्या भागात आम्ही घेणार नाही. वर्षातील पाच महिने त्याचा पडदा ओढलेलाच ठेवावा लागतो.

प्रश्न : पहाटे भाजीपाला घेऊन अकोल्याला जातो. रस्त्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरे आडवी येतात. नव्या गाडीत आपोआप ब्रेक लागण्याची सोय आहे. त्यावर कितपत विसंबावे? पुढे लोखंडी गार्डही बसवावे असे वाटते.
— एक वाचक, अकोट तालुका, जि. अकोला

उत्तर : ही सोय कॅमेरा व रडार यांच्या आधाराने चालते आणि ती मुख्यतः वाहने, पादचारी व सायकलस्वार ओळखण्यासाठी घडवलेली आहे. धुऱ्यावरून अंधारात झेप घेणारा रोही ती वेळेत ओळखेलच असे समजून गाडी चालवू नये. चिखलाचा एक फटका समोरच्या रडारवर बसला तरी ती स्वतःच बंद पडते. पट्टे नसलेल्या रस्त्यावर मार्गिका राखण्याची सोयही निरुपयोगी असते.

पूर्ण वाढलेला नर रोही दोनशे किलोहून अधिक भरू शकतो आणि त्याचे पाय लांब असतात. धडक बसली की तो बॉनेटवरून थेट समोरच्या काचेवर येतो. म्हणून पहाटेच्या अंधारात वेग साठच्या खाली ठेवणे हाच खरा उपाय आहे. एक रोही रस्ता ओलांडून गेला की मागे कळप असतोच असे धरून थांबावे. तो अगदी समोर आलाच तर सरळ रेषेत पूर्ण ब्रेक दाबावा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नये. जनावर चुकवताना गाडी झाडावर आदळली किंवा उलटली तर इजा अधिक गंभीर होते, आणि क्रॉसओव्हर सेडानपेक्षा उंच असल्याने उलटण्याचा धोकाही थोडा जास्त असतो.

लोखंडी गार्ड बसवू नये. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करण्यास कळवले आहे. त्यामागचे कारणही रास्त आहे. गार्डमुळे धडकेचा जोर चासीकडे वेगळ्या मार्गाने जातो, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते, पादचाऱ्याला होणारी इजा वाढते आणि आपल्या नव्या गाडीच्या रडारसमोर तर ते भिंतीसारखे उभे राहते.

प्रश्न : चार मीटरच्या आतील गाडी आणि ही गाडी यांच्या किमतीत एवढा फरक का?
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : मोठा वाटा कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. यांपैकी एकही अट मोडली की तो ४० टक्के होतो. क्रेटाची लांबी ४.३३ मीटर आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीवर एकरकमी वाहनकर पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४ टक्के लागतो. घरात चारच माणसे असतील आणि लांबचा प्रवास क्वचितच असेल, तर लहान गाडी घेण्यात काही उणे नाही.

प्रश्न : उंदरांनी नव्या गाडीची वायर दोनदा कुरतडली. उपाय सांगावा.
— एक धान उत्पादक, सालेकसा तालुका, जि. गोंदिया

उत्तर : गाडी धानाच्या कोठीजवळ उभी राहते काय, हे आपण लिहिलेले नाही, पण तसे असेल तर आधी जागा बदलावी. इंजिनाची ऊब आणि शेजारी दाणे, उंदराला आणखी काय हवे! डांबरगोळ्या व तंबाखूची पाने आठ दिवस काम करतात, नंतर उंदीर त्यांना सरावतो. रात्री बॉनेट उघडे ठेवून आत दिवा लावण्याचा उपाय कटकटीचा असला तरी अधिक गुणकारी आहे. खालच्या बाजूने बारीक तारेची जाळी बसवून घेता येते, मात्र ती धुराच्या नळीला लागणार नाही आणि रेडिएटरची हवा अडवणार नाही हे पाहावे. गाडी आठवडाभर उभी ठेवू नये. ती चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहण्याची सवय लावावी, कारण सोललेल्या वायरीवर गाडी चालू केली तर पाचशे रुपयांचे काम पन्नास हजारांवर जाऊ शकते.